निष्कासित विद्यार्थ्याचा विद्यापीठ-प्रवेश : १९३८ चे एक प्रकरण आणि त्यातून निघणारे प्रश्न

शाळा किंवा महाविद्यालय सोडताना विद्यार्थ्याच्या हाती जो दाखला पडतो, त्यात नाव, जन्मतारीख आणि प्रवेशाचा दिनांक यांच्या जोडीला आणखी काही रकाने असतात : 'प्रगती', 'वर्तणूक', 'सोडण्याचे कारण' आणि सर्वांत शेवटी 'शेरा'. बहुधा हे रकाने कारकुनाच्या सवयीनेच भरले जातात. प्रगती 'समाधानकारक', वर्तणूक 'चांगली', शेरा 'निरंक'. हे शब्द इतक्या दाखल्यांवर इतक्या वेळा उमटलेले असतात की, त्यांच्याकडे कोणी लक्षही देत नाही. परंतु एखाद्याच्या दाखल्यावर त्या जागी निराळा मजकूर आला, किंवा दाखला देण्याचेच नाकारले गेले, म्हणजे एक कठीण प्रश्न उभा राहतो. एका विद्यापीठाने ज्याला बाहेर काढले, त्याला दुसऱ्या विद्यापीठाने आत घ्यावे काय? घ्यावयाचे असेल तर कोणत्या तत्त्वावर? आणि पहिल्या विद्यापीठाने त्या विद्यार्थ्याविषयी दिलेला निर्णय दुसऱ्यावर कितपत बंधनकारक मानावा?

या प्रश्नाचा विचार सहसा नियमावलीच्या अंगाने होतो. तथापि आजच्या जालना जिल्ह्याचा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, त्या संस्थानात १९३८ च्या अखेरीस असे एक प्रकरण घडले की, त्यात हा प्रश्न शेकडो विद्यार्थ्यांच्या बाबतीत एकाच वेळी उपस्थित झाला आणि त्याचे उत्तरही एका विद्यापीठाने प्रत्यक्ष कृतीने दिले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात 'वंदे मातरम् चळवळ' या नावाने ते सर्वपरिचित आहे. विद्यापीठीय प्रशासनाच्या इतिहासात मात्र त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

प्रथम त्या काळची शैक्षणिक भूमी समजून घेणे अगत्याचे आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते, तर परतूर परभणी जिल्ह्यात. १९३८ मध्ये जालना हे कापसाच्या व धान्याच्या व्यापाराचे गजबजलेले गाव होते आणि मनमाड-सिकंदराबाद या मीटर गेज रेल्वेमार्गावरील एक महत्त्वाचे स्थानक होते. परंतु तेथे महाविद्यालय नव्हते. शालेय शिक्षण संपवलेल्या मुलाला पुढे शिकावयाचे असल्यास साठ-पासष्ट किलोमीटरांवरील औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, १९२३ साली निघालेले इंटरमिजिएट कॉलेज हेच जवळचे ठिकाण होते. पदवीसाठी हैदराबादलाच जावे लागे. हे इंटरमिजिएट कॉलेज आणि हैदराबादची पदवी-महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाची होती. १९१८ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले. भारतीय भाषेतून सर्व विषयांचे विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो पहिलाच मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी भाषांतर-विभागाने केलेली ग्रंथनिर्मिती आजही आदरास पात्र आहे. ते माध्यम मराठी, तेलुगू वा कानडी मुलाचे मातृभाषेचे माध्यम नव्हते, ही त्याची दुसरी बाजू. संस्थानात याला उल्लेखनीय अपवाद एकच : हैदराबादचे निजाम कॉलेज १९४७ पर्यंत मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. परंतु जालन्याच्या बाजारपेठेतील किंवा अंबडच्या शेतकरी घरातील सामान्य मुलाच्या दृष्टीने उस्मानिया हाच उच्च शिक्षणाचा एकमेव दरवाजा होता. प्रस्तुत प्रकरणाचे सारे गांभीर्य या एकाच वस्तुस्थितीत आहे. जेथे दरवाजा एकच असतो, तेथे त्या दरवाजातून बाहेर घालविण्याची शिक्षा ही शिक्षा राहत नाही, तर शिक्षणाचा शेवट ठरते.

चळवळीचा तपशील थोडक्यात असा. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. २४ ऑक्टोबरपासून तिचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांच्याही चळवळी उभ्या राहत होत्या. सार्वजनिक सभांवर 'गश्ती निशान ५३' या कुप्रसिद्ध परिपत्रकाची बंधने होती. अशा वातावरणात विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रार्थनागृहांत वंदे मातरम् गाऊ लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी या गायनास मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. हैदराबादच्या वसतिगृहांतून, तसेच औरंगाबाद, गुलबर्गा, वरंगळ इत्यादी ठिकाणच्या संस्थांतून संप झाले आणि त्यांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शेकड्यांनी वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही युक्तिवाद नव्हता असे नाही, आणि तो डोळ्यांआड करून हे प्रकरण नीट समजणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, वसतिगृहातील प्रार्थनेची जागा धार्मिक उपासनेसाठी आहे; वंदे मातरम् हे निव्वळ धार्मिक गीत नसून राजकीय आशयाचे आहे आणि त्यावरून दोन समाजांत वाद आहे. हा वाद काल्पनिक नव्हता. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, काँग्रेसच्या कार्यकारिणीने मुस्लिम समाजातील आक्षेपांची दखल घेऊन राष्ट्रीय प्रसंगी या गीताची पहिली दोन कडवीच गावीत अशी शिफारस केली होती. गीत वादग्रस्त आहे हे खुद्द राष्ट्रीय सभेनेच एका अर्थी मान्य केले होते. विद्यापीठाला आपल्या आवारात शिस्त राखण्याचा अधिकार असतो, हेही कोणी नाकारणार नाही.

येथे खरा प्रश्न मनाईच्या योग्यायोग्यतेचा नसून शिक्षेच्या स्वरूपाचा आहे. शैक्षणिक शिस्तीच्या शिक्षांना एक श्रेणी असते : ताकीद, दंड, वसतिगृहातून काढणे, काही दिवस वर्गबंदी, ठरावीक मुदतीचे निष्कासन आणि अखेरीस कायमचे निष्कासन. या श्रेणीचा हेतू असा की, अपराध आणि शिक्षा यांत प्रमाण राहावे आणि शिक्षा भोगून झाल्यावर विद्यार्थ्याला परत येण्याची वाट असावी. वसतिगृहात गीत गाणाऱ्यास वसतिगृहातून काढणे हे, कठोर असले तरी, अपराधाच्या जागेशी संबंध राखणारे होते. परंतु महाविद्यालयातूनही काढणे, तेही शेकडो मुलांना सरसकट, यात वैयक्तिक दोषाची चौकशी होणे शक्यच नव्हते. वर्गात बसणारा, परीक्षा उत्तीर्ण होणारा, प्रयोगशाळेत काम करणारा विद्यार्थी या नात्याने त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता.

दुसऱ्या विद्यापीठाकडे जावयाचे तर तेथे प्रवेशाचे तंत्र आड येते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना दोन वेगळ्या गोष्टींची मान्यता लागते. पहिली, आधीच्या परीक्षांची समकक्षता : पूर्वीच्या विद्यापीठाची अमुक परीक्षा नव्या विद्यापीठाच्या अमुक परीक्षेच्या तोडीची आहे काय. दुसरी, स्थलांतराची अनुज्ञा : पूर्वीच्या विद्यापीठाची विद्यार्थ्याला जाऊ देण्यास हरकत नाही काय. व्यवहारात ही दोन कागदपत्रे एकाच पाकिटात येतात, म्हणून त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. पहिले कागदपत्र विद्यार्थ्याला काय येते हे सांगते. दुसरे, त्याच्याविषयी जुन्या संस्थेच्या मनात काय आहे हे सांगते. पहिल्यात जुनी संस्था साक्षीदार असते, तर दुसऱ्यात तीच फिर्यादी आणि तीच न्यायाधीश होऊन बसण्याची शक्यता असते.

ही शक्यता कशी प्रत्यक्षात येते, याचे उत्तम उदाहरण दोन तपे आधीचे आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक ओटन यांना विद्यार्थ्यांकडून मारहाण झाली. त्या प्रकरणी सुभाषचंद्र बोस यांना कॉलेजातून काढण्यात आले. दुसऱ्या विद्यापीठात शिकण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती कलकत्ता विद्यापीठाने नाकारली. म्हणजे कॉलेजातून झालेले निष्कासन स्थलांतराच्या नकारामुळे सर्वच विद्यापीठांतून झालेल्या निष्कासनासारखे झाले. १९१७ साली त्यांना स्कॉटिश चर्च कॉलेजात प्रवेश मिळाला; परंतु त्यासाठीही विद्यापीठाची संमती आणि प्रेसिडेन्सीच्या प्राचार्यांची 'हरकत नाही' मिळवावी लागली. त्यांच्या बाबतीत कुलूप घालणाऱ्या हातानेच ते उघडले. १९१९ मध्ये ते तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले. हे घडले तो अपराध गीत गाण्याचा नव्हता, शारीरिक हल्ल्याच्या प्रकरणाशी संबंधित होता, हेही येथे विसरता येत नाही.

उस्मानियाच्या विद्यार्थ्यांपुढे कुलूप उघडणारा हात नव्हता. त्यांना घेणारे विद्यापीठ निघाले ते नागपूरचे.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र मध्यप्रांत व वऱ्हाड हे होते आणि त्यात नागपूरप्रमाणेच जबलपूर व अमरावती येथील महाविद्यालयेही येत. कुलगुरुपदी त्या वेळी तु. ज. केदार होते. त्यांच्या पुढाकाराने उस्मानियाने बाहेर काढलेल्या विद्यार्थ्यांना या विद्यापीठात प्रवेश देण्यात आला. वरंगळच्या महाविद्यालयात शिकत असता चळवळीत सापडलेले आणि पुढे नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतलेले पी. व्ही. नरसिंह राव हे या पिढीतील सर्वांत प्रसिद्ध नाव. १९९१ मध्ये ते भारताचे पंतप्रधान झाले. परंतु नेहमी दिल्या जाणाऱ्या या एका उदाहरणामुळे एक गैरसमज पसरण्याचा संभव आहे. प्रवेश योग्य होता, कारण प्रवेश मिळालेला मनुष्य पुढे मोठा झाला, असा हा युक्तिवाद होतो. तो तर्कदृष्ट्या टिकत नाही. ज्यांची नावे कोठेही छापून आली नाहीत, जे पुढे शाळेत शिक्षक किंवा तालुक्याच्या गावी वकील झाले असतील, किंवा पदवी न घेताच परतले असतील, त्यांच्या बाबतीतही तो प्रवेश तितकाच योग्य किंवा तितकाच अयोग्य मानला पाहिजे.

जालन्याच्या दृष्टीने या घटनेला भूगोलाचे एक विलक्षण परिमाण आहे. जालना, भोकरदन व जाफराबाद या तालुक्यांच्या पूर्वेस व उत्तरेस बुलढाणा जिल्हा लागतो. देऊळगाव राजा जालन्याहून जेमतेम तीस किलोमीटरांवर आहे. सिंदखेड राजाही फार दूर नाही. ही दोन्ही गावे वऱ्हाडात, म्हणजे नागपूर विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात होती. याचा अर्थ, जालन्याच्या विद्यार्थ्याला औरंगाबादचे कॉलेज जितके दूर होते, त्याच्या निम्म्या अंतरावर दुसऱ्या विद्यापीठाची हद्द सुरू होत होती. बाजारहाट, सोयरिकी, यात्रा या निमित्ताने ती हद्द लोक नित्य ओलांडीत. भाषाही दोन्हीकडे मराठीच. आणखी एक गोष्ट अशी की, वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व १९३६ च्या कराराने नुकतेच पुन्हा मान्य झाले होते. तेव्हा निजामाच्या विद्यापीठातून काढलेला जो विद्यार्थी अमरावतीस जाऊन शिकेल, तो कागदोपत्री निजामाच्याच मुलखात शिकणार होता! परंतु तेथील कारभार मध्यप्रांताच्या सरकारकडे होता, आणि १९३८ मध्ये ते काँग्रेस मंत्रिमंडळ होते. जेथे उस्मानियाचा हुकूम चालत नव्हता, अशी भूमी इतकी जवळ असणे ही या विद्यार्थ्यांना लाभलेली एक ऐतिहासिक सोय होती.

येथे नागपूरच्या निर्णयाचे नेमके स्वरूप पाहिले पाहिजे. त्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना निर्दोष ठरवले असे म्हणता येत नाही. हैदराबादेत काय घडले याचा न्यायनिवाडा करण्याचा त्याला अधिकारच नव्हता. त्याने त्यांना क्षमा केली असेही म्हणता येत नाही. क्षमा करावयाची ती ज्याचा अपराध झाला त्याने. त्याने केले ते एवढेच की, वर सांगितलेली दोन कागदपत्रे एकमेकांपासून वेगळी केली. उस्मानियाच्या परीक्षा त्याने ज्ञानाचा पुरावा म्हणून स्वीकारल्या. उस्मानियाची शिक्षा मात्र आपल्या हद्दीत लागू आहे असे मानले नाही. एकाच संस्थेचे एक विधान विश्वसनीय धरावे आणि दुसरे बाजूला ठेवावे, यात वरवर पाहता विसंगती वाटेल. वस्तुत: ती नाही. परीक्षेचा निकाल देताना ती संस्था तिच्या खास अधिकाराच्या विषयावर बोलत होती; निष्कासनाचा हुकूम काढताना ती वादातील एक पक्ष होती.

प्रवेश मिळाला म्हणजे अडचण संपली असे मात्र नव्हे, आणि या गोष्टीची चर्चा फारच थोडी झालेली आहे. उस्मानियात ज्याचे शिक्षण उर्दूतून झाले, त्याला नागपुरात इंग्रजीतून शिकावयाचे होते. उस्मानियात इंग्रजी हा आवश्यक विषय होता, त्यामुळे भाषा अगदीच अपरिचित नव्हती. पण भाषा हा विषय म्हणून शिकणे निराळे आणि तिच्यातून पदार्थविज्ञान शिकणे निराळे. ज्याच्या मनात गणित 'रियाझी' या नावाने, पदार्थविज्ञान 'तबीयात' या नावाने, रसायन 'कीमिया' या नावाने आणि अर्थशास्त्र 'मआशियात' या नावाने बसले होते, त्याला प्रत्येक संज्ञा नव्याने शिकावी लागणार होती. जालन्याच्या मराठी मुलाच्या बाबतीत हा दुसरा भाषाबदल होता. घरची मराठी सोडून तो आधी उर्दूत गेला होता. आता उर्दू सोडून इंग्रजीत जावयाचे होते. निष्कासनाच्या शिक्षेची ही बाजू कोणत्याही हुकूमनाम्यात लिहिलेली नसते. दुसऱ्या विद्यापीठाने दार उघडले तरी विद्यार्थी पूर्वीच्या जागेपासून पुढे चालू लागत नाही. काही पावले मागे येऊनच त्याला सुरुवात करावी लागते. घरापासूनचे अंतर आणि परगावी राहण्याचा खर्च या गोष्टी त्यात मिळवल्या, म्हणजे सारेच निष्कासित विद्यार्थी नागपूरची वाट धरू शकले नसतील, हे सहज ध्यानात येईल. ज्यांना ते शक्य झाले नाही, त्यांतील अनेकांचे शिक्षण तेथेच थांबले आणि पुढच्या दशकातील हैदराबादच्या लढ्याला कार्यकर्ते मिळाले. उस्मानियाच्या अधिकाऱ्यांनी हा परिणाम इच्छिला असेल असे वाटत नाही.

आता या निर्णयावरील सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळले पाहिजे. नागपूरने हे विद्यार्थी घेतले ते तत्त्व म्हणून, की सहानुभूती म्हणून? ज्या प्रांतात काँग्रेसचे सरकार होते, तेथील विद्यापीठाला वंदे मातरम् गाणाऱ्यांविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक होते. मग त्याच विद्यापीठाने, त्याला न रुचणाऱ्या कारणासाठी बाहेर काढलेल्या विद्यार्थ्यालाही असेच घेतले असते काय? या प्रश्नाचे उत्तर १९३८ च्या प्रकरणातून मिळत नाही, कारण तशी कसोटी तेव्हा लागलीच नाही. परंतु तत्त्वाची परीक्षा नेमकी तेथेच होते. ज्याच्या पूर्वायुष्याशी प्रवेश देणारा मनाने सहमत आहे, त्याला प्रवेश देणे अवघड नसते. 'वादग्रस्त पार्श्वभूमी' हा शब्दप्रयोगच मुळी वाद कोणाच्या दृष्टीने आहे यावर अवलंबून असतो. औरंगाबादेत जो बंडखोर, तो अमरावतीत देशभक्त. म्हणून नागपूरच्या कृतीला जर टिकाऊ अर्थ द्यावयाचा असेल, तर तो 'गीत गाणे हा अपराध नव्हता' असा देऊन चालणार नाही. 'शिकण्याच्या पात्रतेशी ज्याचा संबंध नाही, अशी परसंस्थेची शिक्षा आपोआप लागू होत नाही' असाच तो द्यावा लागेल. मग तो प्रिय विद्यार्थ्याला लागू होतो तसा अप्रियालाही होतो.

पात्रता आणि वर्तन यांची गल्लत किती टोकाला जाऊ शकते, याचे एक उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. वि. दा. सावरकरांना १९०५ मध्ये फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहातून काढण्यात आले, तरी त्यांना पदवी परीक्षेस बसता आले आणि पदवीही मिळाली. येथपर्यंत भेद पाळला गेला होता. परंतु १९११ साली त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर विद्यापीठाने ती पदवीच काढून घेतली. कित्येक वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेली परीक्षा नंतरच्या कृत्यामुळे अनुत्तीर्ण कशी होते, हे कोणत्याही परीक्षामंडळाला सांगता आले नसते. ती पदवी १९६० मध्ये परत देण्यात आली. सावरकरांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, १९११ चा निर्णय शैक्षणिक नव्हता.

याचा अर्थ पूर्ववर्तनाकडे विद्यापीठाने सर्वथा दुर्लक्ष करावे, असा होतो काय? तसा तो होत नाही. वर्ग, वसतिगृह आणि प्रयोगशाळा ही सहवासाची स्थाने आहेत. सहाध्यायांना इजा करण्याचा ज्याचा इतिहास आहे, त्याच्याविषयी नवी संस्था बेफिकीर राहू शकत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात याची स्पष्ट तरतूद आहे. त्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढावयाचे असते आणि पाच वर्षेपर्यंत त्याला अन्य कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश देता येत नाही. म्हणजे येथे शिक्षा संस्थेची भिंत ओलांडून जाते, आणि ती जावी असा विधिमंडळाचाच हेतू आहे. उस्मानियाच्या हुकुमापासून ही तरतूद तीन बाबतींत निराळी आहे. दोष न्यायालयात सिद्ध व्हावा लागतो. तो व्यक्तिश: सिद्ध व्हावा लागतो, सरसकट नव्हे. आणि शिक्षेला मुदत आहे. शिवाय अपराधाचा विद्यार्थी-सहवासाशी साक्षात संबंध आहे. सहाव्या वर्षी तो तरुण अर्ज घेऊन आला, तर जुन्या निष्कासनाकडे बोट दाखवून त्याला परत पाठवण्याचा आधार या कायद्यात सापडत नाही.

नोकरीच्या क्षेत्रात सर्वोच्च न्यायालयाने याच्या जवळचा विचार मांडला आहे. २०११ च्या संदीप कुमार प्रकरणात, तारुण्यातील चुकांकडे प्रौढांच्या अपराधांप्रमाणे पाहू नये, असा त्या न्यायालयाचा सूर होता. आणि त्यासाठी न्यायालयाने १९७० च्या एका इंग्लिश निवाड्याचा आधार घेतला. तो निवाडाही, योगायोगाने, गाणाऱ्या विद्यार्थ्यांचाच आहे. वेल्श भाषेच्या हक्कासाठी अ‍ॅबरिस्टविथ येथील काही विद्यार्थी लंडनच्या उच्च न्यायालयात, एका खटल्याचे काम चालू असता, घुसले आणि घोषणा देत गाणी म्हणू लागले. त्यांना तीन महिन्यांचा कारावास झाला. अपिलात लॉर्ड डेनिंग यांनी न्यायालयाचा अवमान झाला हे कायम ठेवले. पण न्यायाची प्रतिष्ठा राखली गेली आहे, आता या मुलांनी परत अभ्यासाला लागावे, अशा भूमिकेने त्यांची चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका केली. पुढे २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने उमेदवाराने पूर्वीचा खटला लपवल्यास काय करावे याचे दंडक घालून दिले. त्यात क्षम्य म्हणून जो क्षुल्लक अपराध उदाहरणादाखल सांगितला आहे, तो कोवळ्या वयात घोषणा देण्याचा आहे. मात्र माहिती लपवणे आणि अपराध करणे या दोन गोष्टी त्या निवाड्यात वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि प्रवेशसमित्यांनीही त्या वेगळ्या ठेवणे इष्ट होईल. ज्याने पूर्वीचे निष्कासन अर्जात स्वत:हून नमूद केले आणि ज्याने ते दडवले, त्या दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. परंतु प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होत असेल, तर लपवाछपवीला उत्तेजन संस्थाच देत असते.

निर्णय कोणी घ्यावा, हाही एक स्वतंत्र मुद्दा आहे. २०१७ साली अमेरिकेत दीर्घ कारावास भोगून सुटणाऱ्या एका स्त्रीला हार्वर्ड विद्यापीठाच्या इतिहास विभागाने संशोधनासाठी निवडले होते; तिचा अपराध स्वत:च्या मुलाच्या मृत्यूचा, म्हणजे अत्यंत गंभीर होता. विद्यापीठाच्या वरिष्ठ प्रशासनाने विभागाची निवड फिरवली. न्यूयॉर्क विद्यापीठाने तिला प्रवेश दिला. विभागाने तिचे संशोधन वाचले होते. प्रशासनापुढे तिच्या प्रवेशाचे बाहेर काय पडसाद उमटतील हाही विचार होता. दोन्ही विचार विद्यापीठात असतातच, पण कोणत्या टप्प्यावर कोणता विचार निर्णायक ठरावा, हे आधी लिहून ठेवलेले नसले म्हणजे अर्जदाराची मात्र फरफट होते.

मराठवाड्यातील परिस्थिती १९३८ च्या तुलनेत अर्थातच पालटली आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. ज्यांच्या पूर्वजांची 'पार्श्वभूमी' हीच आजवर प्रवेशाची अडचण मानली गेली होती, त्यांच्यासाठी ते उघडले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामांतर झाले आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने दुसरे विद्यापीठ निघाले. जालना जिल्ह्यात आज महाविद्यालये आहेत. अंबड, परतूर, भोकरदन येथील मुलाला पदवीसाठी परराज्यात जावे लागत नाही. परंतु जिल्ह्यातील ही संलग्न महाविद्यालये एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. एका महाविद्यालयातून काढलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्यात जाताना आधीच्या संस्थेचा दाखला लागतो आणि विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. देऊळगाव राजाच्या बाजूची सीमा आजही आहे; तिच्या पलीकडे आता अमरावती विद्यापीठाचे क्षेत्र लागते. पण दोन निरनिराळ्या राजवटींमधली जी फट १९३८ च्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडली, ती आता तेथे नाही. राज्य एक, विद्यापीठ-कायदा एक आणि प्रमाणपत्रांचे नमुनेही जवळपास तेच.

त्यामुळे त्या काळी जे काम हद्दीने केले, ते आता नियमांना करावे लागेल. निष्कासनाच्या प्रत्येक आदेशात मुदत नमूद असणे. गुणपत्रक व परीक्षेची प्रमाणपत्रे शिस्तीच्या कारणावरून अडवून न ठेवणे. 'वर्तणूक' या रकान्यात प्रतिकूल मजकूर लिहावयाचा तर त्यामागील आदेशाचा क्रमांक व दिनांक लिहिणे, म्हणजे पुढील संस्थेला मूळ कागद मागवता येईल. आणि प्रवेश नाकारताना तो पूर्वीच्या शिक्षेमुळे नाकारला, की नव्या संस्थेने स्वत: केलेल्या विचारामुळे, हे अर्जदाराला लेखी कळवणे. यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. बहुतेक ठिकाणी दाखल्याच्या छापील नमुन्यात एक ओळ वाढवली, तरी पुरेसे होईल.